सगळीकडं तीस : एका सात आसनी गाडीच्या हवेचं प्रकरण

गाडी सात आसनी, पेट्रोलवरची, घरच्या वापरातली. मालक कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे अडते. यार्डात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. गुळाच्या हंगामात गाडी घर ते यार्ड एवढीच फिरते. मे महिन्यात सौदे थंडावले की तिला खरं काम लागतं, कारण लेकीचं सासर रत्नागिरीला. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत आंबा घाट उतरायचा, साखरप्यावरून पुढं जायचं. जाताना सहा मोठी माणसं, एक पोरगं आणि बॅगा. येताना तेवढीच माणसं आणि वर हापूसच्या पेट्या.

यंदा तिकडून आल्यावर काही दिवसांनी ते उद्यमनगरात माझ्या गॅरेजवर आले. "मिस्त्री, अलाइनमेंट दोनदा करून झाली, तरी गाडी डावीकडं वडतीया. घाटात वळणावर मागनं हालतीया, मागं बसलेली बायकामाणसं घाबरली. आता चारी टायर बदला म्हणत्यात."

टायर २४ हजार किलोमीटर चाललेले होते. एवढ्यात चारही बदलायचे म्हणजे काहीतरी कारण हवं. म्हणून आधी खोली मोजायच्या गेजनं मागच्या टायरची नक्षी मोजली. मधल्या खाचेत ५.२ मिलिमीटर, बाहेरच्या काठाला ३.१, आतल्या काठाला ३.३. दुसऱ्या बाजूच्या टायरचंही जवळजवळ तसंच. मध्ये भरपूर माल शिल्लक आणि दोन्ही खांदे, म्हणजे काठ, खाल्लेले.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडली की टायर एका बाजूनं खातो, आतून तरी नाहीतर बाहेरून तरी. नक्षीवरून तळहात आडवा फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागतं. इथं तसं काही नव्हतं. हवा कायम जास्त असेल तर मधला पट्टा आधी जातो. दोन्ही खांदे सारखे गेले आणि मधला भाग राहिला, तर पहिला संशय हवा कमी असण्याचा. हे टायरवर लिहिलेलं असताना अलाइनमेंटचे पैसे दोनदा का गेले, याचं मला वाईट वाटलं. मशीनवर गाडी चढवण्याआधी कुणीतरी खाली वाकून बघायला हवं होतं.

तिथल्या तिथं हवा मोजली नाही. गाडी उन्हातून, रहदारीतून आली होती. आण्णांना सांगितलं, गाडी रात्रभर शेडमध्ये राहू दे, सकाळी ऊन यायच्या आत मी येतो. टायर थंड म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाकडच्या बाजूचे टायर एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड) जास्त दाखवतात आणि माणूस उगाच बुचकळ्यात पडतो.

सकाळची मोजणी

ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर होतं. आण्णांनी गाडी घेतल्यापासून ते पाहिलं नव्हतं. दोन-तीन माणसं असतील तर पुढं ३३, मागं ३३. पूर्ण भार असेल तर पुढं ३३, मागं ३६. हे आकडे थंड टायरचे. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. तो बघून हवा मारून घेणारेही भेटतात.

आता प्रत्यक्षात काय होतं? पुढचा उजवा २६.५. मागचा उजवा २५.५. मागचा डावा २५. पुढचा डावा २१. आणि गाडीच्या पोटाखाली लटकवलेल्या स्टेपनीत १४.

आण्णांचा पहिला प्रश्न बरोबर होता. "अहो, निघायच्या दिवशी हवा मारून घेतली, वाटेत पुन्हा पंपावर बघितली. सगळीकडं तीस हुती. गेली कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमची सकाळ गेली. हवा गळून गेली नव्हती. एक पुढचा डावा सोडला तर बाकीच्या तिन्ही टायरमध्ये ती कधी पुरेशी भरलीच नव्हती, आणि जी होती त्यातली थोडी हातानं सोडून दिली होती.

आधी पुढचा डावा टायर घेऊ, कारण तो सोपा होता. त्याच्या वॉल्व्हवर टोपण नव्हतं. साबणाचं पाणी सोडलं. रिमच्या कडेला काही नाही, नक्षीवर काही नाही. वॉल्व्हच्या तोंडावर मात्र एक बुडबुडा हळूहळू मोठा झाला, फुटला, तिथंच दुसरा धरला. आतली पिन काढली तर तिच्या रबरी बसकेवर बारीक माती चिकटलेली. नवी पिन घातली, टोपण लावलं, पुन्हा पाणी सोडलं, बुडबुडा बंद. ज्या टोपणाकडं कुणी बघत नाही ते हीच माती अडवायला असतं. पुढच्या दोन चाकांत साडेपाचाचा फरक पडला की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढणारच. अलाइनमेंट मशीनवर गाडी चढवण्याआधी हवा सारखी करायची असते, हा त्या कामातला पहिला नियम. तो पाळला गेला असता तर ओढ तिथंच सापडली असती.

तीसचे दोन अर्थ

बाकीच्या तीन टायरांची गोष्ट अशी. निघायच्या दिवशी सकाळी आण्णांनी शहरातल्या एका पंक्चरच्या दुकानात हवा मारली. ३३ सांगितलं, त्यानं ३३ मारलं. दोघंही प्रामाणिक. आम्ही त्या दुकानात गेलो आणि त्याच्या परवानगीनं त्याचा गेज पाहिला. नळी कशालाही जोडलेली नसताना काटा २ वर उभा होता. दुसरं म्हणजे, हवा भरायचा खटका दाबलेला असतानाच तो आकडा वाचत होता. खटका दाबलेला असला की काट्यावर टायरचा दाब दिसत नाही. कॉम्प्रेसरकडून येणारी हवा आणि टायर यांच्या मधला दाब दिसतो, आणि तो टायरपेक्षा जास्त असतो. खटका सोडून काटा स्थिर झाला की खरा आकडा येतो. दोन्ही मिळून ४ पीएसआयचा फरक पडत होता. म्हणजे ३३ सांगून भरले २९.

आण्णांना हे समजवायला फार बोलावं लागलं नाही. ज्याचा जन्म वजनकाट्यापुढं गेला, त्याला शून्यावर न उभा राहणारा काटा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

माझा गेज तरी बरोबर कशावरून, हेही त्यांनी विचारलं. उद्यमनगरात राहण्याचा हा फायदा आहे. शेजारच्या मशीनशॉपमध्ये तपासणीचा दाखला असलेला प्रेशर गेज असतो, कारण त्यांचे सुटे भाग घेणाऱ्या कंपन्या तो मागतात. एका टी-जोडणीवर दोन्ही गेज लावले आणि २५, ३०, ३५ या तिन्ही ठिकाणी ताडून पाहिले. अर्ध्या पीएसआयच्या आत जुळले. तेवढं पुरतं.

मग प्रवास सुरू झाला. घाटाआधी वाटेतल्या एका पंपावर आण्णा थांबले. तास-दीड तास गाडी पूर्ण भारानं पळालेली, मे महिन्याचं ऊन, टायर हाताला चटका देतील असे. तिथला गेज ३४ दाखवत होता. आण्णा म्हणाले, "उन्हाळ्याचे दिवस हायत, टायर फुटंल, सगळीकडं तीस कर." पंपावरच्या पोरानं चारही टायरांतली हवा सोडून ३० केली.

३४ होते ते गरम टायरचे. तेच टायर थंड झाल्यावर २९ होणार होते. त्यातून गरम असताना ४ काढले की थंड झाल्यावर २५ च्या आसपास उरतात. आम्हाला मागं सापडले तेच.

हिशोब कुणालाही करता येतो. बंद टायरमधली हवा तापली की तिचा दाब त्याच प्रमाणात चढतो, फक्त मोजणी निरपेक्ष दाबानं आणि निरपेक्ष तापमानानं करायची. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, इथं बाहेरच्या हवेचा दाब पावणेचौदा पीएसआयच्या आसपास. तो मिळवायचा, तापमानाच्या अंशांत २७३ मिळवायचे, आणि त्रैराशिक मांडायचं. ३३ च्या टायरला दर ६ अंशांमागं साधारण १ पीएसआयचा फरक येतो. डिसेंबरात पहाटे १५ अंशांना ३३ असलेली हवा दुपारी ३४ अंशांना गाडी नुसती सावलीत उभी असली तरी ३६ दिसते. किनाऱ्यावर उतरलं की उंचीमुळं तीच हवा जवळजवळ १ पीएसआय कमी दिसते, पण थंडीत कोकणातली पहाट आपल्यापेक्षा उबदार असल्यानं ते बहुतेक भरून निघतं. त्यासाठी कुणी पंप शोधत बसू नये.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आण्णांचं एक वाक्य, कारण ते एकट्या आण्णांचं नाही. मे महिन्यात कोल्हापुरातून बाहेर पडणारा निम्मा माणूस तेच म्हणतो. ऊन आहे, हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून हवा कमी करा. करायला जातो सुरक्षित आणि होतं बरोबर उलटं. पोराबाळांना घेऊन निघालेला माणूस काळजीपोटी हे करतो, म्हणूनच ते जीव तोडून सांगावंसं वाटतं.

चालताना चार-पाच पीएसआय वाढणार हे टायर बनवणाऱ्याला आणि गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं. स्टिकरवरचा थंड आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो. चांगल्या टायरला त्या वाढीनं काही होत नाही. टायरला मारते ती त्याची भिंत सतत दुमडण्यातून तयार होणारी उष्णता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि पुढच्या क्षणी सरळ होतो. हवा कमी, तेवढी भिंत जास्त वाकते. भिंत जास्त वाकली की रबर आणि आतले धागे जास्त तापतात. वेग आणि भार वाढला की हे आणखी वाढतं, आणि एका टप्प्यावर थर सुटायला लागतात. म्हणजे पंपावर ३४ दिसले त्यात उन्हाचा वाटा होताच, पण कमी भरलेल्या हवेचाही वाटा होता. त्यावर उपाय म्हणून हवा आणखी कमी केली गेली.

आण्णांना हे ऐकून पटेना. बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही व्यापाऱ्याची सवय, आणि ती चांगली आहे. मग यार्डातच बघायचं ठरलं. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजून गाडीत भरले, माणसं आणि सामान मिळून जेवढा भार होतो तेवढा. मागचा आस काट्यावर घेतला तर ९१० किलो भरला, म्हणजे एका चाकावर साधारण ४५५ किलो. हवा अजून २५ च होती.

खडू घेऊन मागच्या टायरच्या नक्षीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवा जाड पट्टा ओढला. गाडी पायी चालण्याच्या वेगानं सरळ पुढं घेतली, पाच-सात फेरे होतील एवढीच. उतरून बघितलं. दोन्ही खांद्यांवरचा खडू साफ गेला होता, मधल्या दोन पट्ट्यांवर पांढरं तसंच. आण्णा गुडघ्यावर बसले आणि बोटानं मधला खडू पुसून पाहिला. मग ३६ भरून तोच खेळ पुन्हा केला. पट्टा सगळीकडून सारखा पुसट झाला.

आकड्यात मांडायचं तर असं. ३६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ किलो. ४५५ किलो उचलायला १८० चौरस सेंटिमीटर टेकू लागतो. २५ पीएसआय म्हणजे पावणेदोन किलो, तर तोच भार उचलायला २६० चौरस सेंटिमीटर. हिशोब ढोबळ आहे, कारण टायरची भिंतही थोडा भार घेते. पण वाढीव जागा येते कुठून? टायर रुंद होऊ शकत नाही, तो चपटा होऊन लांबीत पसरतो, मध्ये उचलला जातो आणि खांदे घासतात. वळणावर मागून हलण्याची तक्रारही इथलीच. मऊ भिंतीवर उभी भरलेली गाडी वळण घेताना आधी बाजूला कलते, मग सावरते. शॉकअप तपासले होते, ते ठीक होते.

पावसाळा तोंडावर होता म्हणून आण्णांना आणखी एक गोष्ट सांगितली. साचलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असं नासाच्या संशोधनातून आलेलं जुनं सूत्र आहे. ते मुळात विमानांच्या टायरसाठीचं, त्यामुळं गाडीला नेमका वेग म्हणून धरू नये, तुलना तेवढी करावी. ३६ ला तो वेग ताशी १०० किलोमीटर येतो, २५ ला ८३. त्यात नक्षी झिजलेली असेल तर आणखी खाली. जुलैत आंबा घाटाच्या आसपास रस्त्यावरून पाणी कसं वाहतं ते ज्यानं पाहिलंय त्याला हा १७ किलोमीटरचा फरक कमी वाटणार नाही.

नायट्रोजनचंही त्यांनी विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, भिंतीतून थोडा सावकाश झिरपतो, पण तापल्यावर दाब त्याचाही चढतो आणि कमी भरला तर टायर त्यानंही खातो. मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर साधी हवा वरून मारली तरी चालते.

हवा भरायची पद्धत

अडचण सगळ्यांची एकच असते. टायर थंड असतात घरी आणि कॉम्प्रेसर असतो दोन-तीन किलोमीटरवर. तिथं पोचेपर्यंत टायर कोमट होतात, आणि तिथला गेज कसा असेल सांगता येत नाही. यावर मी सगळ्यांना सांगतो तो उपाय आण्णांनी उचलला. चांगला डिजिटल गेज गाडीत ठेवायचा. सकाळी घरीच चारही टायर मोजायचे आणि स्टिकरच्या आकड्यापेक्षा किती कमी आहेत तो फरक लिहायचा. दुकानात आकडा सांगायचा नाही, फरक सांगायचा. घरी मागचा डावा २९ निघाला आणि ३६ हवेत, तर ७ कमी. दुकानातला गेज आधी जे दाखवेल, ३१ असो की ३४, त्यात ७ वाढवून घ्यायचे. गेज दोन-चारनं खोटा असला आणि टायर थोडा तापला असला तरी दोन्ही चुका वजाबाकीत निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पुन्हा एकदा बघायचं, अर्धा-एक इकडंतिकडं असेल तर दुरुस्त करायचं. जास्त झाली असेल तर सोडायची, पण थंड असतानाच.

वाटेत पंपावर गरम टायर मोजायला हरकत नाही, कारण त्यातून एक गोष्ट कळते. तीन टायर चार-चारनं चढले आणि एक तेवढाच राहिला, तर तो गळतोय. गरम असूनही आकडा स्टिकरच्या खाली असेल, तर हवा नक्की कमी आहे, भरून घ्यावी. गरम टायरमधली हवा सोडायची मात्र कधीच नाही.

स्टेपनीत जास्तीत जास्त भाराचा आकडा भरून ठेवायचा, आमच्या बाबतीत ३६. ती कुठल्या चाकाला लावावी लागेल माहीत नसतं, आणि लावल्यावर कमी करता येते, भरता येत नाही. पोटाखालच्या स्टेपनीचा वॉल्व्ह वरच्या बाजूला असल्यानं मोजायचा कंटाळा येतो. १४ पर्यंत पोचायचं कारण तेच.

हवा बरोबर केल्यावर आम्ही तावडे हॉटेल चौकातून हायवेला गाडी काढली. स्टिअरिंगवरचा हात सैल ठेवला तरी गाडी सरळ. आण्णांची तक्रार एवढीच, की रिकामी गाडी खड्ड्यात पूर्वीपेक्षा कडक लागते. ते खरं आहे, म्हणून स्टिकरवर दोन आकडे असतात. रत्नागिरीहून आलं की दुसऱ्या सकाळी मागची हवा ३३ करायची.

चारही टायर बदलायची गरज नव्हती, बदलले नाहीत. मागच्या जोडीचे गेलेले खांदे परत येणार नाहीत, पण टायर बदलायची वेळ दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत अजून अंतर होतं. पंक्चरवाल्यानं आपला गेज त्याच आठवड्यात बदलला. पावसाळ्यानंतर ४ हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा मागच्या टायरची मधली खाच ५.२ वरून ४.८ वर आली होती आणि बाहेरचा खांदा ३.१ वरून २.७ वर. झीज आता सगळीकडून सारखी आहे. पुढचा डावा महिन्याला एखादा पीएसआय उतरतो, बाकीच्यांइतकाच. पुढच्या पावसाळ्याच्या आत मागची जोडी बदलायची ठरली आहे, आणि तेव्हा रबरी वॉल्व्हही नवे घालायचे, हे आण्णांनी हवेच्या आकड्यांच्या वहीत लिहून ठेवलंय.